आजी, नग एक

लातुरात लग्नसराई सुरू झाल्याचं आमच्या गल्लीत सगळ्यात आधी कुत्र्यांना कळतं. कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयात बँडवाले सकाळी सकाळी सूर लावून बघतात आणि गल्लीतली यच्चयावत कुत्री माना वर करून त्यात सामील होतात. मग पत्रिका यायला लागतात. हल्ली पत्रिका म्हणजे पेटी असते. उघडली की आत सुका मेवा, अत्तराची कुपी आणि तळाशी कुठंतरी लग्नाची तारीख. औसा रोडवर दिवसाआड वरात अडकते. फुलवाल्याकडे मोगऱ्याच्या ढिगावर ओलं पोतं टाकलेलं असतं आणि त्याच्या शेजारून जाताना उन्हाच्या झळेतसुद्धा जरा थांबावंसं वाटतं. हा हंगाम मला फार आवडायचा. मी मूळची हौशी बाई. दुसऱ्याच्या मांडवात गेले की झालर कशी लावलीय, कमान कुठून वळवलीय हे बघण्यात माझं जेवणाकडे लक्ष नसायचं. पण तीन वर्षं झाली, लग्नसराई आली की मी आहेर कुणाबरोबर तरी पाठवून देते आणि उन्हाचं निमित्त सांगते.

यंदा पत्रिकांच्याही आधी गजूभाऊंचा फोन आला. गजूभाऊ डेकोरेशनवाले. आमच्या सायलीची हळद त्यांनीच सजवली होती.

"मॅडम, ओळखलं का? गजू बोलून राहिलो."

"बोला गजूभाऊ."

"एक काम होतं. तीन वर्षांखाली तुमच्याकडं जात्यावर त्या आजी बसल्या होत्या ना, त्यांचा नंबर पाहिजे होता. मी व्हिडिओ टाकला होता त्यांचा, लई चालला मॅडम. दोन पार्ट्या मागं लागल्यात. गावरान थीम करायची तर त्याच आजी पाहिजेत म्हणून राहिल्यात."

मी म्हणाले, "शोधते. सापडला की देते." नंबर माझ्या फोनमध्ये पहिल्या पाचांत आहे. दुपारभर मी माझ्या त्या खोट्याभोवती घुटमळत राहिले. वर्गात हजेरी घेताना दोन मुलींची नावं गाळली.

आमच्या लातूर-नांदेडकडे मांडवाच्या फॅशनी माझ्या डोळ्यांदेखत बदलल्या. आधी लाल-पिवळा शामियाना आणि झिरमिळ्या पताका. मग थर्माकोलचे दोन राजहंस, मध्ये बदाम, बदामात नवरा-नवरीचं नाव. मग फुग्यांच्या कमानी आल्या. मग सगळं फिकट गुलाबी झालं आणि कमानीला ते परदेशी वाळलेलं गवत आलं, तुरेच तुरे असलेलं. आमच्या सासूबाई तेव्हा होत्या. त्या मांडवात शिरल्या, गवताकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एवढ्या केरसुण्या कामून उभ्या केल्यात गं?" आणि त्यानंतर आली गावरान थीम. तोवर गाव सोडून शहरात आलेल्यांची मुलं लग्नाची झाली होती, आणि गाव भाड्यानं मिळायला लागलं होतं. मातीच्या रंगाचा गालिचा, त्यावर सारवल्याच्या बोटांचे छापील फराटे. बैलगाडीचं चाक. कंदील, पण आत बॅटरीचे दिवे. एका कोपऱ्यात चूल आणि तिच्यापाशी भाकरी थापणारी बाई, तिला म्हणायचं लाइव्ह काउंटर.

सायलीला हीच थीम हवी होती. मला तर फारच हवी होती. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, लोकसाहित्य हा माझा आवडता भाग. बाकीच्या मॅडमच्या लेकींच्या हळदीला गुलाबी पडदे होते, माझ्या लेकीच्या हळदीला संस्कृती असणार होती. गजूभाऊ आमच्या हॉलमध्ये बसून फोटो दाखवत होते आणि एका कागदावर यादी लिहीत होते. जातं, नग एक. सूप, नग चार. कंदील, नग बारा. चाक, नग दोन. आणि त्याच अक्षरात, त्याच ओळीत पुढे: आजी, नग एक.

"आजी म्हणजे?" मी विचारलं.

"जात्यावर बसायला, मॅडम. नऊवारीत. नुसतं जातं ठेवलं तर फोटोत मोकळं दिसतंय."

मला हसू आलं. हे मी आज लिहिलंच पाहिजे, की मला हसूच आलं, दुसरं काही नाही. आणि मग एक कल्पना सुचली, जिचा मला त्या क्षणी केवढा तरी अभिमान वाटला.

"आजीचं आम्ही बघतो," मी म्हणाले. "आमच्याकडे खरी आहे. ओव्यासुद्धा म्हणते."

गजूभाऊंनी मान डोलावली आणि 'आजी, नग एक' पुढे लिहिलं: पार्टीकडून.

ती आजी म्हणजे गयाकाकू, माझी सख्खी चुलती. भोकरच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथं ती तिच्या मुलाजवळ, दत्ताजवळ राहते. माझे आई-वडील दोघंही शिक्षक, सारखे बदल्यांवर. त्यामुळे सातवीपर्यंत मी काकूकडे वाढले. पहाटे ती दळायला बसायची तेव्हा मी अंथरुणातून उठून, डोळे मिटलेलेच ठेवून, तिच्या मांडीवर डोकं ठेवून पुन्हा झोपायची. जात्याची घरघर तिच्या मांडीतून माझ्या कानात यायची. तिच्या भुवया पिठानं पांढऱ्या व्हायच्या, माझ्या केसांतही पीठ पडायचं. शाळेत मुली म्हणायच्या, नंदी म्हातारी झाली. काकू ओव्या म्हणायची त्यात घरातल्या सगळ्यांची नावं यायची. दिराची, भायाची, बैलांची आणि माझीही. पाहुणे आले की त्यांचं नाव घालून नवी ओवी तयार. ती कुठून शिकली, असं मी पुढे एकदा मराठीची प्राध्यापक होऊन तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "शिकायचं काय त्यात? हात फिरला की तोंड फिरतंय."

माझं लग्न गावातच झालं. मांडवाला वर घालायला कापड नव्हतं, तेव्हा काकूनं गल्लीतल्या बायकांची ठेवणीतली लुगडी मागून आणली आणि दाभणानं टाचून त्यांचं छत केलं. हिरवं, जांभळं, किरमिजी, मध्येच एखादा जरीचा पदर. दुपारचं ऊन त्यातून खाली उतरलं की भटजींच्या उपरण्यावर जांभळा रंग आणि माझ्या हातांवर हिरवा. आज तसं छत कुणी केलं तर त्याचे फोटो हजार जण जपून ठेवतील. पण एका लुगड्याला ठिगळ होतं आणि ते नेमकं नवरदेवाच्या डोक्यावर आलं होतं. लातूरच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी ते बघून काहीतरी बोललं आणि हसलं. त्यांच्याबरोबर मीही हसले. अंतरपाटाच्या अलीकडून, मान खाली घालून, पण हसले. काकू तेव्हा माझ्या मागंच उभी होती. ते हसू तिनं ऐकलं असेल का, हे मला इतकी वर्षं ठाऊक नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तर काकूला मी फोन केला आणि म्हणाले, "सायलीच्या हळदीला जात्यावर तू बसायचंस."

ती हळूच म्हणाली, "मी कशी बसू गं? तुझा काका गेल्यापासून मी जात्याला हात लावला न्हाई कुणाच्या हळदीत. सवाष्णी बसत्यात."

आमच्याकडे लग्नाआधी जात्याला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधतात, पूजा करतात, आणि पाच सवाष्णी मिळून नवरीची हळद दळतात. काकू जे समजली ते हे होतं. तिला वाटलं, मी तिला त्या मानाला बोलावतेय. काका जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तेवढी वर्षं ती गावातल्या प्रत्येक हळदीला दाराआडून गाणी सांगत होती आणि बायका जात्यापाशी बसून ती म्हणत होत्या.

तिचा समज दुरुस्त करायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण मला ते उलट आवडलं. मी म्हणाले, "आता कोण मानतं तसलं, काकू? माझ्या लेकीची हळद आहे. मी सांगते, तू बस."

"तुझे पाहुणे काही म्हणणार न्हाईत ना?"

"म्हणू देत."

फोन ठेवल्यावर मी यांना सगळा प्रसंग सांगितला. किती मोठं काम केलं मी, अशा आवाजात. हे म्हणाले, "वा."

हळदीच्या सकाळी काकू एसटीनं आली. भोकरहून नांदेड, नांदेडहून लातूर, सगळा रस्ता कापडी पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीत शेतातली हळकुंडं होती आणि जुन्या साडीत गुंडाळलेला तिच्या जात्याचा लाकडी खुंटा. हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. "जातं काय आणता येईना," ती म्हणाली, "पण खुंटा आपला असलेला बरा. हाताला ओळख असती."

लॉनवर पोचलो तेव्हा गजूभाऊंची माणसं जातं टेम्पोतून उतरवत होती. एकाच माणसानं ते एका हातानं, काखेत धरून आणलं. फायबरचं होतं. वरून दगडासारखे ठिपके मारलेले. काकूनं खाली बसून ते फिरवलं तर वरची पाळ भिरभिर फिरली आणि कितीतरी वेळ थांबेचना. तिनं माझ्याकडे बघितलं.

"नंदे, ह्याला वजनच न्हाई."

"फोटोत कळत नाही, काकू."

"फोटोत न्हाई कळत. पण ओढ लागल्याबिगर ओवी कशी यावी?"

खुंट्याचं भोकही नव्हतं. खुंटा पाळीलाच चिकटवलेला. काकूनं आपला खुंटा पुन्हा साडीत गुंडाळला. रिकामं जातं फिरवू नये, एवढं मात्र तिनं सोडलं नाही. पिशवीतली पाच हळकुंडं काढून जात्याच्या तोंडात टाकली. मग गजूभाऊंकडची एक बाई हिरवीगार नऊवारी आणि मोठी नथ घेऊन आली आणि मला म्हणाली, "आजीला हे नेसवा." काकू नेसली. नथ मात्र तिनं माझ्या हातात परत दिली. "एवढं नको गं नंदे," म्हणाली. तेव्हाही मला थांबता आलं असतं. जिथं जिथं थांबता आलं असतं त्या जागा आता मला पाठ झाल्या आहेत.

ऊन उतरल्यावर पाहुणे आले. सायली पिवळ्या साडीत इतकी गोड दिसत होती की माझा ऊर भरून आला. मंडळी चाकापाशी फोटो काढत होती, कंदिलांखाली उभी राहत होती, आणि सगळ्यात जास्त गर्दी काकूभोवती होती. फिरणाऱ्या फायबरवर एक हात ठेवून ती गात होती. सुरुवातीला आवाज अडखळत होता. मग तिनं एक युक्ती केली, डावा हात पाळीच्या कडेला दाबून धरला आणि उजव्या हातानं जोर लावून फिरवायला लागली. आपल्याच हाताची ओढ. त्याबरोबर गळा सुटला. मला आज ही ओवी अशीच्या अशी आठवते:

मांडवाच्या दारी गं, हळदीचा पिवळा सडा
पुतणीच्या माझ्या हाती, हिरवा भरला चुडा

पुतणी म्हणजे मी. तिनं माझ्याकडे बघून ती ओळ म्हटली आणि डोळ्यांनी हसली.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. सायलीच्या सासूबाई, नांदेडच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. रुबाबदार, पण मनानं सरळ बाई. मला त्यांची जरा धास्ती होती. सोयरीक ठरताना मी त्यांना सांगितलं होतं की आमचं घराणंच शिक्षकांचं, घरात कुणी अंगठा उठवणारं नाही. त्या काकूपाशी उभ्या राहिल्या, पूर्ण ओवी ऐकली, डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "नंदाताई, किती सुंदर गातात हो या! कुठून आणल्या?"

कौतुकानं विचारलं होतं. त्या प्रश्नात काहीही वाईट नव्हतं. 'ही माझी काकू, हिनं मला वाढवलं,' इतकंच म्हणायचं होतं, आणि ते म्हटलं असतं तर त्या काकूच्या पाया पडल्या असत्या, अशी बाई आहे ती. पण मी काकूकडे बघितलं. कपाळावरचं गोंदण, भेगाळलेल्या टाचा, भाड्याचं लुगडं. मीच नेसवलेलं ते लुगडं. आणि माझ्या तोंडून निघालं:

"गजूभाऊंच्या पॅकेजमध्येच आहे ते."

'त्या' नाही. 'ती'सुद्धा नाही. 'ते'. सव्वीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत लिंग-वचनाच्या चुका लाल पेननं गोल करत आले.

काकू हातभर अंतरावर होती. तिनं मान वर केली नाही. जातंही थांबलं नाही. विहीणबाई म्हणाल्या, "अजून एकदा म्हणा ना आजी, मी व्हिडिओ काढते." गजूभाऊही मोबाइल घेऊन पुढे आले. आणि काकूनं तीच ओवी, त्याच चालीत, पुन्हा म्हटली:

मांडवाच्या दारी गं, हळदीचा पिवळा सडा
धनिणीच्या माझ्या हाती, हिरवा भरला चुडा

पुतणीच्या जागी धनीण. कुणाला काही कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच. तीन अक्षरांचा शब्द काढून तिथं तीन अक्षरांचा शब्द बसवला होता, चाल कुठं लंगडली नाही. अख्ख्या लॉनवर ते मला एकटीला कळलं, आणि मी विहीणबाईंबरोबर टाळ्या वाजवल्या. धनीण म्हणजे मालकीण. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तिनं मला तिच्या ओवीतून बाहेर काढलं. गजूभाऊंनी टाकलेला, लई चाललेला व्हिडिओ तो हाच. मला तो लोक अजून पाठवतात. एकदा आमच्याच कॉलेजच्या ग्रुपवर आला, खाली लिहिलेलं, 'हरवत चाललेला ठेवा'. मी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

जेवणं सुरू झाली. लॉनच्या मागे, कापडी पडद्यापलीकडे, डेकोरेशनच्या माणसांचं जेवण वेगळं होतं. केटरिंगवाल्यांची तशी पद्धतच असते. मी मीठ कमी पडलंय म्हणून सांगायला तिकडे गेले आणि पडद्याच्या फटीतून मला काकू दिसली. टेम्पोच्या आडोशाला, उलट्या क्रेटवर बसलेली, मांडीवर ताट. नेसवणारी ती बाई तिच्या शेजारी बसली होती, दोघी काहीतरी बोलत होत्या. कुणीतरी काकूला जिलेबी वाढत होतं आणि ती हातानं पुरे पुरे करत होती. तिला तिकडे कुणी पाठवलं नव्हतं. आपण पॅकेजमधल्या आहोत हे कळल्यावर पॅकेजमधली माणसं जिथं जेवतात तिथं ती आपण होऊन गेली.

मी पडदा सोडून दिला आणि परत आले. तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं धाडस झालं नाही. बोलले ते चुकून बोलले, असं मी स्वतःला अनेकदा समजावलं आहे. पण पडदा सोडला तो काही चुकून नाही सोडला.

घरच्यांचा एकत्र फोटो काढताना सायलीनं विचारलं, "आई, काकूआजी कुठंय?" मी म्हणाले, "प्रवासानं थकली गं, झोपलीय." त्या फोटोत आम्ही एकोणीस जण आहोत. तो फोटो मोठा करून सायलीनं आमच्या हॉलमध्ये लावलाय.

जातं टेम्पोत चढवताना गजूभाऊंच्या माणसानं ते उलटं केलं आणि पाच हळकुंडं खाली पडली. अख्खीच्या अख्खी. एकाचाही कोपरा झिजला नव्हता. मी ती वेचून पदरात घेतली. ती अजून माझ्या कपाटात आहेत. त्यांचं काय करायचं ते मला सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न. सकाळी बघते तर काकू पिशवी भरून तयार. "दत्त्याचा फोन आलता," ती म्हणाली, "म्हैस अडून राहिली. मला जावं लागंल."

"काकू, आज लग्न आहे."

"हाव की. अक्षता इथूनच टाकते." देवापुढच्या वाटीतल्या चार अक्षता तिनं सायलीच्या खोलीच्या दिशेनं टाकल्या. मग माझ्या तोंडावरून हात फिरवला. "कामून रडून राहिलीस? लेक जाणार म्हणून व्हय? रडावं थोडं. आन् ऐक, ती डेकोरेशनची माणसं लई चांगली हायत. नांदेडकडचीच निघाली. मला दोनदा वाढलं त्यांनी."

एवढंच. टोमणा नाही, रुसवा नाही. मी तिला तेव्हा काय म्हणाले असेन? म्हणाले, "एसटीला गर्दी असेल, सांभाळून जा."

दिवाळीला दत्ताशी बोलताना सहज म्हणून मी म्हशीची चौकशी केली. तो म्हणाला, "म्हैस? म्हैस तर आपण मागल्याच्या मागल्या साली इकली, अक्का." म्हणजे लग्नात विहीणबाईंनी तिला घरच्या माणसांत बघितलं असतं आणि मी खोटी पडले असते, म्हणून ती अक्षता पडायच्या आधी निघून गेली. माझं खोटं तिनं माझ्यापेक्षा जास्त नीट सांभाळलं.

त्यानंतर जूनमध्ये वर्गात ओवी शिकवायची वेळ आली. तो पाठ मी दरवर्षी रंगवून शिकवायची. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही खरी जात्यावरची ओवी कधी ऐकलीय?" मी म्हणाले, "वेळ कमी आहे, पुस्तकातलं लिहून घ्या." तीन वर्षं मी काकूला सणासुदीला फोन करते, पाच मिनिटं बोलते, पावसापाण्याचं विचारते आणि ठेवते. गावाला गेलेले नाही. लाजेची एक गंमत असते, ती ज्या माणसापुढे वाटायला हवी त्याच्यापासूनच आपल्याला लांब पळवते. गजूभाऊंना वाटतं ती आजी आम्ही कुठूनतरी आणली. विहीणबाईंना वाटतं ती गजूभाऊंनी आणली, आणि लग्नानंतर परगावी राहणाऱ्या सायलीला सासूबाई असं धरून बसल्यात हे माहीतच नाही. काकू मधल्या मधे कुणाचीच राहिली नाही.

आता यंदाची गोष्ट. सायली बाळंतपणाला आमच्याकडे आलीय. मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, मुठी घट्ट आवळून झोपणारी. काल विहीणबाई नांदेडहून नातीला बघायला आल्या आणि बारशाचा विषय निघाला. त्यांनी मोबाइलमध्ये सजावटीचे फोटो जमवून ठेवलेच होते. ढगांचा पाळणा, कापसाचे ससे, वरून लोंबणाऱ्या चांदण्या. आम्ही दोघी चहा पीत ते बघत होतो. मलाही जुनी हौस थोडी चाळवली होती, खोटं कशाला सांगू. आणि त्या एकदम म्हणाल्या, "नंदाताई, हळदीला त्या ओव्यावाल्या आजी होत्या ना, त्या मिळतील का हो? पाळण्याची गाणी म्हणायला? मी अजून त्यांचा व्हिडिओ बघते."

मी बशी पुसायला लागले.

"नंबर आहे का त्यांचा?"

"आहे," मी म्हणाले.

"मग लावा की आत्ताच."

पळायला जागाच नव्हती. मी दत्ताचा नंबर लावला, काकूचा नंबर म्हणजे तोच. त्यानं काकूला हाक मारली, ती अंगणातून येईपर्यंत मला फोनमधून कोंबड्यांचा आवाज ऐकू येत होता. विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. पाळण्यात बाळ झोपलं होतं.

"काकू," मी अगदी हळू म्हणाले, "सायलीला मुलगी झाली."

"हाव, कळलं की. दत्त्यानं तुमचा फोटो बघितला मोबाइलात. लई गोड हाय." मुलगी होऊन आठ दिवस झाले होते आणि मी तिला कळवलं नव्हतं, याचाही तिनं उच्चार केला नाही.

"बारसं आहे रविवारी. तू यायचंस."

तिनं विचारलं. रागानं नाही, खोचून नाही, एसटी किती वाजता आहे असं विचारावं तितक्या सरळपणानं.

"येते की. फक्त एवढं सांग, ह्या खेपेला कोण म्हणून यायचं? म्हणजे मला तसं बोलाय-वागाय बरं पडतंय. मागल्या वेळी मला उशिरा कळलं."

तीन वर्षं तिनं याच्यावर एवढाच विचार केला होता, की मागच्या वेळी आपलंच चुकलं, आपण आधी विचारून घ्यायला हवं होतं. आपणच ओवीत पुतणी म्हणून गेलो आणि पोरीला अडचणीत आणलं.

"काकू म्हणून," मी पुटपुटले.

"आँ? मोठ्यानं बोल गं, ऐकू येईना."

विहीणबाईंनी कप खाली ठेवला होता.

"माझी काकू म्हणून ये!" मी ओरडले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "मला वाढवलंस तू! माझी सख्खी काकू म्हणून ये!"

विहीणबाईंचं तोंड उघडंच राहिलं. आत सायली दचकून "काय झालं आई?" म्हणाली. आणि फोनमधून काकूचा आवाज आला, दबका, घाईघाईचा:

"बरं बरं, येते. पण वरडू कामून राहिलीस एवढी? लेकरू उठंल ना गं."